प्रज्ञाची चूक शोधताना

मी ऑफिसात तेल तपासते, एवढंच आमच्या गल्लीला माहीत होतं. त्यामुळे दिवाळी जवळ आली की शेजारच्या इंगोलेकाकू सरकीच्या तेलाची बाटली पदराखाली धरून हजर व्हायच्या. "कुंदे, पाय बरं वं, यात भेसळ हाये का. तुयं ते मशीन हाये ना हापिसात." मी सांगायचे, काकू, ते मशीन चकलीच्या तेलासाठी नाही, ट्रान्सफॉर्मरच्या तेलासाठी आहे. काकूंना ते अजिबात पटायचं नाही. "तेल ते तेलच ना शेवटी," असं म्हणून बाटली ओट्यावर ठेवून निघून जायच्या. अमरावतीला सासरी वेगळीच गंमत. तिथे लग्नात कुणीतरी ओळख करून दिली, "ही आमची सून, केमिस्ट आहे," की समोरचा हमखास विचारायचा, "मेडिकल कुठं टाकलं?"

म्हणून आधी माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

शेताच्या कडेला खांबावर टांगलेली डीपी सगळ्यांनी पाहिलेली असते. मी म्हणते ते ट्रान्सफॉर्मर तिचे थोरले भाऊ. उपकेंद्राच्या आवारात, तारेच्या कुंपणाआड, एखाद्या खोलीएवढे. एकेकावर अख्ख्या तालुक्याचे दिवे, पंप आणि गिरण्या अवलंबून. त्यांच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात, तारांवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळं तेलात बुडवलेलं असतं. आत काही बिघडू लागलं, कुठे तार तापली, कुठे ठिणगी उडाली, तरी बाहेरून काही दिसत नाही. गुणगुण तशीच चालू असते. पण ते तेल खोटं बोलत नाही. उष्णतेने ते थोडं थोडं फुटतं आणि त्यातून निघालेले वायू त्याच्यातच विरघळून राहतात. आम्ही काचेच्या सिरिंजमध्ये थोडं तेल काढून घ्यायचं, त्यातले वायू वेगळे करायचे आणि मोजायचे. इथिलीन वाढला तर आत काहीतरी फार तापतंय. हायड्रोजन वाढला तर बारीक कुरबुर चालू आहे. आणि ॲसिटिलीन दिसला, तोच वेल्डिंगवाल्याकडचा वायू, तर समजायचं की आत वीज कडाडते आहे.

माणसाचं रक्त तपासणारे असतात, तशी मी. फक्त माझा रोगी फुटला तर आगीचा लोळ उठतो आणि आवारात जो कोणी उभा असेल तो घरी परत जात नाही. म्हणून आमच्या अहवालाची शेवटची ओळ फार महत्त्वाची. चालू ठेवा, लक्ष ठेवा, किंवा बंद करा. या तीनपैकी एक लिहायचं आणि खाली सही करायची. वीज कंपनीच्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं ती सही माझी एकटीची होती. दोन जिल्ह्यांतले इंजिनीअर फोन करून विचारायचे, "राऊत मॅडम काय म्हणतात?" मी एकटी होते तोवर मी उत्तम होते.

मग प्रज्ञा वानखडे आली.

ती भातकुलीकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्याच कॉलेजातून, माझ्याच विषयात एम.एस्सी., पण माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. चंद्रपूरहून बदली होऊन आली. सावळी, उंच, वेणी घातलेली, आणि खांद्याला पुरुषांच्या ऑफिस बॅगेसारखी बॅग. पहिल्या दिवशी माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरकले, तर हसून म्हणाली, "ताई, तुमच्याविषयी लय ऐकलं हाये. आता मी तुमच्या हाताखाली शिकतो." (आमच्याकडे बाईसुद्धा ‘मी शिकतो, मी जातो’च म्हणते. पुण्याच्या लोकांना याचं हसू येतं.) मला बरं वाटलं. हाताखाली शिकणारं कोणीतरी हवंच होतं.

डबा खाताना ती जुने अहवाल वाचायची. एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताने पानं उलटायची. मला वाटलं, शिकते आहे. एक दिवस तिने दोन अहवाल माझ्यापुढे ठेवले. बार्शीटाकळीच्या बाजूच्या एका उपकेंद्रात शेजारी शेजारी दोन ट्रान्सफॉर्मर होते, त्यांचे.

"ताई, हे दोन येगळे ट्रान्सफॉर्मर हायेत ना?"

"हो. का?"

"एक जुना, एक नवा. आन तेल मात्र सारखं. जुळ्या भावाईचं रक्तबी इतकं सारखं नसते."

मी आकडे पाहिले. खरंच सारखे होते. गेल्या वेळचेही सारखे. त्याच्या आधीचेही. ते अहवाल माझेच होते, सह्या माझ्याच होत्या, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "योगायोग असेल." ती "असंल" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने तिथे गेली.

संध्याकाळी परतली ती हसत हसतच. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या व्हॉल्व्हच्या वर, लोखंडी चौकटीला, आग्या मोहोळ लागलं होतं. तिथल्या ऑपरेटरची तिथे जायची छाती होत नव्हती. म्हणून तो बिचारा शेजारच्याच ट्रान्सफॉर्मरचं तेल दोन्ही सिरिंजमध्ये भरून पाठवत होता. "म्हने, मॅडम, दोघंबी एकाच घरचे, काय फरक पडते." प्रयोगशाळेत सगळे पोट धरून हसले. मीही हसले. प्रज्ञाने मोहोळ उठवायची व्यवस्था केली, खरं तेल आणलं, आणि ते निघालं बिघडलेलं. वेळीच कळलं म्हणून निभावलं. साहेबांनी तिला बोलावून शाबासकी दिली. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा ॲसिडिटीची गोळी विकत घेतली. तिचा काही उपयोग झाला नाही.

पुढे ते रोजचंच झालं. उपकेंद्रावरचे लोक तिला फोन करू लागले. मी कधी टेबल सोडून गेले नव्हते, कारण मुलगी लहान होती, आमचे हे अमरावतीच्या बँकेत, आठवड्याने घरी येणारे. प्रज्ञाने लग्न केलं नव्हतं आणि तिला सगळीकडे जाता येत होतं. ती शिडीवर चढायची, सिरिंज स्वतः भरायची, ऑपरेटरच्या घरी चहा प्यायची, त्याच्या बायकोची डिलिव्हरी कुठवर आली ते विचारायची. चांगलं तेल पाठवलं की फोन करून सांगायची, "भाऊ, एक नंबर सॅम्पल आलं." त्या फोनसाठी माणसं नीट सॅम्पल पाठवू लागली. मी इतकी वर्षं परिपत्रकं काढत होते.

मी तिचे अहवाल तपासू लागले. ते माझं कामच होतं, मी ज्येष्ठ होते. पण एकदा बघून सही करायच्या जागी मी तीनदा बघायचे. चूक शोधायचे. दशांश चिन्ह, तारीख, तेलाचं तापमान, काहीही चाललं असतं. सापडायची नाही. सापडली नाही की माझा दिवस वाईट जायचा.

ढोरे म्हणून एक सहायक अभियंता आमच्या इमारतीत बसायचा. त्याला माझं हे बरोबर उमगलं असावं. एक दिवस तो चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "मॅडम, मनावर नका घेऊ. कशी नोकरी लागते आजकाल काई लोकाईले, तुमाले तर मालूमच हाये."

तो काय म्हणत होता ते न कळायला मी काही दूधपिती नव्हते. त्याने मला खुश करायला विष आणून दिलं होतं. घोट घेतला असता तर फार सोपं झालं असतं. मी म्हटलं, "ढोरे, तिचे मार्क माझ्याहून जास्त होते. भरतीतही, कॉलेजातही. आणि कप इथे ठेवू नका, इथे सॅम्पल असतात."

तो गेला. हे मी न्यायबुद्धीने बोलले असं सांगायला मला आवडेल. थोडी न्यायबुद्धी होतीही. पण त्याहून जास्त मला माझाच अपमान वाटला होता. ज्या बाईचा मी रात्रंदिवस हेवा करत होते ती जर फुकटची वर आलेली असेल, तर माझा हेवाही फुकटचाच ठरतो. प्रज्ञा वानखडे ही खरोखरच माझ्यापेक्षा चांगली होती. म्हणून तर त्रास होता.

आता अकोटकडची गोष्ट. माझ्या नोकरीत सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही.

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या रात्रंदिवस चाललेल्या, शेतात हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देणं सुरू. त्या भागातल्या एका मोठ्या उपकेंद्राचं तेल आलं आणि त्यात ॲसिटिलीन निघाला. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर. प्रज्ञाने पुन्हा सॅम्पल मागवलं, पुन्हा तेच. तिने शेवटची ओळ लिहिली, तात्काळ बंद करा, आणि सहीसाठी माझ्याकडे ठेवली. मी आकडे पाहून सही केली आणि अहवाल पुढे पाठवला.

तासाभरात तिथल्या कार्यकारी अभियंत्यांचा फोन. साहेब अनुभवी होते, घाबरट नव्हते. "राऊत मॅडम, हा ट्रान्सफॉर्मर उघडायचा म्हणजे क्रेन आणा, तेल काढा, महिना जाईल. अर्धा तालुका अंधारात. लोक मले ऑफिसातून बाहेर ओढतील. तुमचं स्वतःचं मत द्या. त्या वानखडे मॅडमचं नको, तुमचं."

तुमचं. इतक्या वर्षांनी कोणीतरी ते म्हणालं होतं.

मी तेच दुसरं सॅम्पल स्वतः मशीनवर लावलं. मला नेमकं माहीत होतं की मला काय हवंय. मला तिची चूक हवी होती. आकडे आले. तिचेच आकडे. ॲसिटिलीन तेवढाच. मी खुर्चीत बसून राहिले.

आणि मग मला दिसलं.

ॲसिटिलीन भरपूर होता, पण त्याच्या मानाने हायड्रोजन फारच कमी. आत खरोखर वीज कडाडत असती तर हायड्रोजनही तसाच उसळला असता. असं उलटं प्रमाण एका ठिकाणी दिसतं. ट्रान्सफॉर्मरच्या आत एक वेगळा छोटा कप्पा असतो. व्होल्टेज कमीजास्त करण्यासाठी तिथे एक बदलणारं यंत्र फिरत असतं, त्याला टॅप चेंजर म्हणतात. ते फिरताना ठिणगी उडतेच, तो त्याचा धर्मच आहे, आणि म्हणून त्याचं तेल वेगळं ठेवलेलं असतं. मधलं सील गळकं झालं तर त्या कप्प्याचं तेल मोठ्या टाकीत झिरपतं आणि निरोगी ट्रान्सफॉर्मर आजारी दिसू लागतो. जणू शेजारच्या घरातला धूर आपल्या घरात आला आणि आपण आग लागली म्हणून ओरडलो.

तसं असेल तर महिना नाही, एका दिवसाचं काम होतं. तसं असेल तर प्रज्ञा चुकली होती.

मी फोन उचलला आणि परत ठेवला.

कारण त्या क्षणी मला एक भीती वाटली, तशी कधी वाटली नव्हती. मी हे वायू वाचते आहे की माझं मन वाचते आहे, हे मला कळेना. तिने चुकावं अशी माझी इतकी इच्छा होती की कोणतेही आकडे पुढे आले असते तरी मी त्यातून तिची चूक काढली असती. आणि मी साहेबांना ‘चालू ठेवा’ म्हटलं आणि आत खरंच वीज कडाडत असली तर? त्या आवारात पाळीवर असलेल्या माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. प्रज्ञाला माहीत होतं.

हे मत तपासून घ्यायला अख्ख्या विभागात एकच माणूस लायक होतं. मी उठले, कागद घेतला आणि तिच्या टेबलापाशी गेले.

"प्रज्ञा, हे बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. फक्त आकडे बघ."

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पेन्सिलीने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मला वाटलं चेहरा पडेल. तिचे डोळे चमकले.

"टॅप चेंजर! ताई, हे माह्या ध्यानातच नाई आलं. मी ॲसिटिलीन पाह्यला अन घाबरलो."

"तुला पटतंय?"

"पटते. पण पटते म्हनून चालू ठेवता येत नाई ना. खात्री कराव लागन." ती उभीच राहिली. "चला."

"कुठे?"

"तिथं. उद्या सकाळी. तोवर आवारात कोनी जाऊ नका म्हनून फोन करतो. थोडा वेळ बंद करून तो कप्पा रिकामा करू. तुमी येता ना? तुमच्याशिवाय मी नाई जात."

मुलीला इंगोलेकाकूंकडे सोपवून मी नोकरीत पहिल्यांदा आवारात गेले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, साडी खोचलेली, पायात प्रज्ञाने आणलेले बूट. ट्रान्सफॉर्मरचा पेलवेल तेवढा भार दिवसापुरता शेजारच्यावर टाकला, वीज तोडली, अर्थिंग लावलं. आधी तेलाच्या दोन टाक्यांच्या पातळ्या पाहिल्या. त्या वेगवेगळ्या असायला हव्यात, त्या एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मग कप्प्यातलं काळपट तेल काढलं, आत फडक्याने कोरडं पुसून घेतलं आणि सगळे बाजूला उभे राहिलो. आता जर सील धड असेल तर कप्पा कोरडाच राहणार होता. म्हणजे माझं चुकलं, महिनाभर अंधार. कार्यकारी अभियंता साहेब रुमालाने मान पुसत होते.

शिडीवर एकालाच उभं राहण्याइतकी जागा होती. प्रज्ञा वर गेली, टॉर्च लावली, आत वाकणार एवढ्यात थांबली. नंतर न बघताच खाली उतरली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मी नाई पाहत," ती म्हणाली. "ताईनं शोधलं हाये. ताईच पाहतीन."

मला उंचीची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पायऱ्या चढले. टॉर्चच्या उजेडात आधी फक्त पुसलेला, चकचकीत पत्रा दिसला. मग खालच्या कडेला, सीलच्या वर्तुळाला लागून, एक सोनेरी थेंब दिसला. माझ्या डोळ्यांदेखत तो मोठा झाला, ओघळला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. स्वच्छ, नव्या मधासारखं तेल. मोठ्या टाकीतलं.

मी वरून ओरडले, "गळतंय!" एवढ्या आनंदाने गळतंय असं आजवर कोणी ओरडलं नसेल.

दुसऱ्या दिवशी नवं सील बसलं, तेल गाळून घेतलं आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुणगुणू लागला.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण अमरावतीला मोठ्या साहेबांपुढे बैठक झाली. प्रज्ञाने उभं राहून सरळ सांगितलं, "सर, माझं निदान चुकलं होतं. हे राऊत मॅडमनी शोधलं. मी फक्त सोबत होते." साहेब भारावले. कशाने, तर तिच्या प्रामाणिकपणाने. "अशी चूक मान्य करणारी माणसं हवीत डिपार्टमेंटला!" बैठकभर त्याचीच चर्चा. शोधलं मी, आणि कौतुक तिच्या चुकण्याचं. मी चहातलं बिस्कीट बुडवून बुडवून त्याचा लगदा केला.

नागपूरच्या परिषदेत या प्रकरणावर निबंध वाचायचं ठरलं. तिने लिहिला, माझं नाव आधी टाकलं, आणि मीच वाचावा म्हणून हट्ट धरला. मी वाचला. इंग्रजी कागदावर होतं तरी मी दोनदा अडखळले, पानं मागेपुढे झाली, मधे एकदा माईकने किंचाळी मारली. नंतर प्रश्न आले आणि मी तिच्याकडे बघितलं. ती उठली आणि माझाच शोध माझ्यापेक्षा सुंदर सांगितला. शेजारच्या घरातल्या धुराची उपमा मी तिला गाडीत सांगितली होती. ती तिने, "राऊत मॅडम म्हणतात त्याप्रमाणे," असं म्हणून वापरली आणि सभागृह हसलं. चोरली असती तर मी सुखाने तिचा द्वेष केला असता. ही बाई माझ्यावर तेवढाही उपकार करायला तयार नव्हती.

मग परीक्षा देऊन ती माझ्या वर गेली. प्रयोगशाळेची प्रमुख झाली. माझ्या अहवालांवर तिची सही येऊ लागली. ती मला अजून ताईच म्हणायची आणि बसायला खुर्ची द्यायची.

त्याहूनही जिव्हारी लागलं ते घरात. मुक्ता, माझी मुलगी, बारावी झाली. मी मनात धरलं होतं फार्मसी, अमरावतीला, आजीजवळ. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, मला ऊर्जेतलं काहीतरी करायचंय. बॅटरीवर संशोधन. प्रज्ञामावशीशी बोलले मी. ती म्हणाली सोलर वाढत जाणार, तेव्हा वीज साठवणं हाच पुढचा प्रश्न आहे."

मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले.

"प्रज्ञामावशीसारखं काम करायचंय मला," ती म्हणाली.

"मी काय काम करते, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे ना. तेच तर. ती मला तुझी ती अकोटची गोष्ट सांगते नेहमी. शिडीवरची. आई, तू मला कधी सांगितलंच नाहीस, तुझं काम इतकं भारी आहे."

"तू कधी विचारलंस?"

"मी तिला तरी कुठे विचारलं होतं?"

पोळी तव्यावर करपली. माझ्याच लेकीला माझी गोष्ट त्या बाईकडून कळावी आणि ती ऐकून तिने त्या बाईसारखं व्हायचं ठरवावं! त्या रात्री जेवताना यांनी दोनदा विचारलं, भाजीत मीठ नाही का? नव्हतंच.

मुक्ता गेली, शिकली, आता बंगळूरला बॅटऱ्यांवर काम करते. तिच्या पहिल्या पगारातून तिने दोन साड्या घेतल्या, एक मला आणि एक प्रज्ञाला. मी मनातल्या मनात दोन्ही पोतांची तुलना केली. सारख्याच होत्या.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ प्रयोगशाळेच्याच मोकळ्या खोलीत झाला. शाल, नारळ, आलूबोंडा आणि भाषणं. प्रज्ञा अध्यक्ष. ती माझ्याबद्दल बोलली, थोडंच आणि छान, आणि सगळ्यांचे डोळे ओले झाले. मग माझी पाळी. मी भाषण लिहून नेलं होतं, ते तसंच हातात राहिलं. मी म्हटलं, "खरं सांगू का? या बाईवर मी अख्ख्या नोकरीभर जळत आले. हिचा एकेक अहवाल चूक सापडावी म्हणून तीन तीनदा तपासला."

सगळे खो खो हसले, टाळ्या पडल्या. वाहवा, राऊत मॅडम, काय स्तुती केली! ढोरे तर टेबल बडवत होता. प्रज्ञा तेवढी हसली नाही. हातातला आलूबोंडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मला सोडायला ती गेटपर्यंत आली. रिक्षा यायची होती.

"ताई, खरं बोलल्या ना तुमी?"

"हो."

"मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"आग्या मोहोळापासून."

मला तिच्याकडे बघवेना. "मग इतक्या वर्षांत बोलली काहून नाहीस?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघाली.

"काय बोलू? बोललो असतो त तुमी शरमल्या असत्या. मंग नुसती सही करून देल्ली असती." तिने नारळ माझ्या पिशवीत नीट बसवला. "तुमी चूक शोधनार हे मालूम होतं, म्हनून मी हरेक सॅम्पल दोनदा लावत होतो. लोकं म्हनतात वानखडे मॅडम चुकत नाई. कशी चुकीन? आता उद्यापासून माह्यं कोन पाहीन, सांगा बरं."

आणि ती रडायला लागली. भर गेटवर, वॉचमनसमोर, ती प्रमुख बाई. मलाही रडू यायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगू, मला तेव्हाही वाटलं, असं मोकळं रडणंसुद्धा हिलाच जमलं. मी रिक्षात बसल्यावर रडले, गांधी रोड येईपर्यंत.

आता मी अमरावतीत असते. प्रज्ञाला निवृत्तीला अजून अवकाश आहे. उपकेंद्रावरच्या नव्या पोरांना समजावं म्हणून ती तेलतपासणीवर सोप्या मराठीत एक पुस्तिका लिहिते आहे. एकेक प्रकरण झालं की मोबाइलवर पाठवते. "ताई, पाहून घ्या. तुमच्याशिवाय मी छापत नाई." मी चष्मा लावून, दार लावून, एकेक ओळ तपासते. पहिली बरीच प्रकरणं धुतल्यासारखी स्वच्छ. काही म्हणजे काही सापडलं नाही.

परवा सापडली. तेलातल्या ओलाव्याच्या प्रकरणात. तेल तापलं की त्यात पाणी कमी मावतं, असं तिने लिहिलं होतं. नेमकं उलटं! जास्त मावतं. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि फोन लावला. माझा आवाज मलाच तरुण वाटला.

"प्रज्ञा, पान सातवं, वरून दुसरी ओळ."

 ती लगेच म्हणाली, "अरे बापा. हो ताई, चुकलं माह्यं. बरं झालं तुमी पाह्यलं."

तो दिवस माझा फार छान गेला. संध्याकाळी मुक्ताला फोन करून सांगितलं, यांना सांगितलं, यांना तर दोनदा सांगितलं. दिवा लावताना सहज मनात आलं, एवढी बाळबोध चूक प्रज्ञा वानखडे करेल?

फोन हातात घेतला होता. विचारायचं धाडस झालं नाही.